शेतीसंरक्षणाची बंदूक, शिशाचे छर्रे आणि काकण: बिनशिशाचं काडतूस चालेल का?

माडाची_वाडी

तालुका गुहागर. वाडीत माड आणि सुरण, खाली मळ्यात भात. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोरची एकनळी आहे, जुनी, फुल चोक (म्हणजे तोंडाशी सगळ्यात जास्त आवळलेली नळी). रानडुकरासाठी वनखात्याकडे अर्ज टाकलाय. वाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर सुरूच्या बनात काकणाचं (पांढर्‍या पोटाच्या समुद्री गरुडाचं) घरटं आहे, दिवाळीनंतर जोडी तिथेच असते. घारी तर बाराही महिने डोक्यावर. शिशाच्या छर्‍याने मेलेलं जनावर खाऊन शिकारी पक्षी मरतात असं वाचलं.

बिनशिशाचं काडतूस आपल्याकडे मिळतं का, आणि जुन्या नळीला चालतं का? नसेल मिळत तर शिशावरच राहून पक्ष्यांचा धोका कमी कसा करायचा? पक्ष्याला शिसं बाधलंय हे ओळखायचं कसं? तपशिलात लिहा. डुक्कर मारावं की मारू नये यावर वेगळा धागा आहे, तो वाद तिकडे.

---

जुनी_दुनाळी

काडतुसापुरतं मी सांगतो, पक्ष्यांचं डॉक्टर मंडळी सांगतील.

बारा बोर हे मापच शिशावरून पडलंय. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या पाडल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. म्हणजे बंदूक घडवणार्‍याने शिशाचं वजन आणि मऊपणा गृहीत धरूनच ती घडवली आहे. शिशाची घनता ११.३. दुसरा धातू घातला की वजन बदलतं, मऊपणाही बदलतो, आणि अडचण तिथेच येते.

स्टीलचा छर्रा ७.८ घनतेचा. त्याच आकाराचा छर्रा तीस टक्के हलका भरतो, वेग लवकर टाकतो. म्हणून बाहेरच्या देशांत बदकासाठी शिशापेक्षा दोन नंबर मोठा छर्रा वापरतात आणि अंतर कमी ठेवतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्टील दबत नाही. शिशाचे छर्रे चोकमधून जाताना एकमेकांवर चेपून वाट काढतात. स्टीलचे तसेच कडक राहतात आणि जोर नळीच्या तोंडावर येतो. बाहेरून बोट फिरवलं तर तोंडापासून दोन-तीन इंचांवर कडं आल्यासारखा फुगवटा लागतो. म्हणून जाड छर्‍याचं स्टील हाफ चोकपेक्षा घट्ट नळीतून मारायचं नाही, आणि जुन्या पातळ नळीतून तर मुळीच नाही. तुमची फुल चोक आहे म्हणता, पण व्हर्नियरने मोजून बघा: बारा बोरची नळी आत साधारण १८.५ मिमी, फुल चोकला तोंडाशी ती १७.५ च्या आसपास येते, हाफला १८. हे मोजताना बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, हे सांगायला नको.

बिस्मथ ९.८ घनतेचं, शिशाच्या जवळ जाणारं आणि मऊ, त्यामुळे जुन्या बंदुकांना चालतं. नुसतं बिस्मथ ठिसूळ असतं, म्हणून थोडं कथिल मिसळतात. तरी हाडावर आपटलं की तुकडे होतात, पण ते तुकडे विषारी नाहीत. टंगस्टन १९.३, सगळ्यात जड आणि सगळ्यात महाग.

तांबं मुख्यतः रायफलच्या गोळीत आणि बारा बोरच्या एकसंध गोळीत. तांब्याची गोळी जनावरात शिरल्यावर पाकळ्यांसारखी उघडते आणि एकसंध राहते, ९५ टक्क्यांवर वजन तसंच सापडतं. शिशाच्या गाभ्याची रायफलची गोळी मात्र वाटेत बरंच वजन सांडत जाते. एक्स-रे काढला तर जखमेभोवती चांदण्या सांडल्यागत शेकडो कण दिसतात, काही तर जखमेच्या वाटेपासून वीतभर लांब. तांबं हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांबट होते. गोळीला फिरवणारा नळीतल्या खाचांचा पीळ तिला पुरला नाही तर ती डोलते, म्हणून एक पायरी हलकी गोळी निवडतात. वेग फार पडला तर पाकळ्या उघडत नाहीत, म्हणून लांबचा बार टाळतात. "तांब्याने डुक्कर पडत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते: जुन्या सवयीचं अंतर, जुन्या सवयीचं वजन.

आता आपली गोष्ट. आपल्याकडच्या दुकानात बारा बोरला सर्रास मिळतं ते शिशाचंच: एलजी, एसजी हे जाड छर्रे, बीबी बारीक, वगैरे. बाहेरून मागवायला आयातीचा परवाना लागतो, शेतकर्‍याच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. त्यामुळे आज तुमच्या हातात शिसंच आहे असं धरून चाला.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे काढून काडतुसात किंवा ठासणीच्या बंदुकीत भरतात, वर "बिनशिशाचं" म्हणून मिरवतात. बेअरिंगचं पोलाद कडक केलेलं असतं, कारखान्यात छर्‍यासाठी वापरतात ते मऊ लोखंड वेगळं. नळी आतून खरवडली जाते, चोकला चीर जाते, कधी तोंडच फाटतं. शिवाय परवान्याशिवाय काडतूस भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा, ते निराळंच.

---

पंख_आणि_पिसं

(पशुवैद्यक, पक्ष्यांचं काम)

शिसं पक्ष्याला नेमकं का मारतं ते आधी. शिकारी पक्ष्याच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, हाडं विरघळवायला ते लागतंच. त्यात शिशाचा कण पडला की विरघळून रक्तात जातो. शरीर त्याला कॅल्शियम समजून वागवतं: नसांमध्ये शिरू देतं, हाडांत साठवतं. शिवाय रक्तातला लाल रंग बनवणारं एक विकर बंद पडतं, म्हणून पक्षी पांढरा पडतो.

तुकड्याचं वजन जितकं महत्त्वाचं तितकाच त्याचा चुरा. एका तुकड्याचे तेवढ्याच वजनाचे हजार कण केले तर आम्लाला भिडणारा पृष्ठभाग दहापट होतो. तांदळाच्या दाण्याएवढं शिसं गरुडाला मारायला पुरेसं धरतात.

लक्षणं: पंख खाली सोडलेले, अंगावर न घेतलेले. मान वाकलेली. गळ्याखालची पिशवी भरलेली, पण अन्न खाली सरकत नाही. शेपटीखालची पिसं हिरव्या विष्ठेने माखलेली, मोराच्या पिसातल्यासारखा गडद हिरवा, कारण उपाशी पोटातून नुसतं पित्त येतं. छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागतं. जवळ गेलं तरी उडत नाही, पायांवर न बसता घोट्यांवर टेकतो.

आपल्याकडे गोंधळ होतो तो कीटकनाशकाशी. फरक असा: कीटकनाशकाने पक्षी अचानक पडतो, बहुधा एकाच जागी दोन-चार, अंगाने धष्टपुष्ट, पंजे घट्ट मिटलेले, बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ. शिशाचा पक्षी एकटा, वाळलेला, आठवड्या-दोन आठवड्यांचा आजारी. दोन्हींत पहिली मदत सारखीच, पण डॉक्टरला कुठला संशय आहे ते सांगाल तर औषध बदलतं.

सापडला तर: जाड टॉवेल वरून टाका, आधी पाय धरा (काकण चोचीने नाही, नख्यांनी फाडतो), भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. मासा, मटण भरवू नका, पिशवी अडलेली असेल तर ते आतच कुजतं. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन लावा. काकण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला पक्षी आहे, घरी ठेवून उपचार करणं कायद्यात बसत नाही.

तपासणीला रक्तच लागतं, एक्स-रे स्वच्छ आला म्हणून शिसं नाही असं होत नाही. कण विरघळून गेलेला असतो किंवा पक्ष्याने ओकून टाकलेला असतो. दोन ते साडेतीन किलोच्या पक्ष्याचं १ मिलि रक्त हेपारिनच्या (रक्त गोठू न देणार्‍या) नळीत पुरतं. दर १०० मिलि रक्तात २० मायक्रोग्रॅमच्या खाली ठीक, २० ते ५० म्हणजे बाधा झालीय पण दिसत नाही, ५० च्या वर आजार, १०० च्या वर वाचणं कठीण. रक्तातलं शिसं सुमारे दोन आठवड्यांत निम्मं होतं, त्यामुळे उशिरा घेतलेला नमुना फसवतो. मेलेला पक्षी असेल तर यकृत आणि हाड घ्यावं, हाड जुना हिशेब सांगतं.

उपचार म्हणजे शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध, कॅल्शियम ईडीटीए. काही दिवस इंजेक्शन, मग खंड, पुन्हा रक्त, पुन्हा इंजेक्शन. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून सोबत सलाइन. साधं सोडियम ईडीटीए चुकून दिलं तर रक्तातलं कॅल्शियमच ओढून नेतं आणि पक्षी टेबलावरच मरतो. बाटलीवरचं नाव दोनदा वाचावं.

---

सडा_आणि_कातळ

डॉक्टर, माहिती उत्तम, पण हे सगळं अमेरिकेचं दुखणं आहे असं मला वाटतं. तिथे लाखो हरणं रायफलने मारतात आणि आतडी रानात टाकून जातात. आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवानेच उरले नाहीत. उरला तो शेतीसंरक्षणाचा एखाद-दुसरा बार. तोही एलजीचा. एलजीचा छर्रा ९ मिलिमीटरचा, साडेचार ग्रॅमचा गोटा, तो काही रायफलच्या गोळीसारखा धूळ होत नाही. पक्षी तो गिळणार नाही, गिळला तर ओकेल. काकण तर मासे आणि समुद्री साप खातो. उगाच शेतकर्‍याच्या डोक्यावर अजून एक पाप कशाला?

---

पंख_आणि_पिसं

निम्मं बरोबर आहे तुमचं. एलजी रायफलइतका फुटत नाही, हे खरं. पण खांद्याच्या हाडावर किंवा कवटीवर बसला की त्याच्या कपच्या निघतात, आणि डुकराचा खांदा म्हणजे चिलखत. बीबीसारख्या बारीक छर्‍यांनी मारलेल्या जनावरात तर छर्रा गिळण्याजोगाच असतो.

काकणाचं म्हणाल तर तो ताजं पकडतो तसं मेलेलंही खातो, किनार्‍यावर वाहून आलेलं सोडत नाही. त्याचा थोरला भाऊबंद, जपानच्या होक्काइदोत हिवाळ्याला येणारा स्टेलरचा समुद्री गरुड, तोही मासेखाऊच. पण शिशाच्या गोळीने मारलेली शीका हरणं बर्फात आयती मिळाली आणि १९९० च्या दशकात शिशाने गरुड मरू लागले. तिथे २००० पासून हरणांसाठी शिशाच्या रायफल गोळीवर बंदी आली. आयतं मिळालं की मासेखाऊही मटण खातो, एवढाच त्यातला बोध.

अमेरिकेत २०२२ साली ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास छापून आला, जवळपास निम्म्यांच्या हाडांत जुनाट विषबाधेइतकं शिसं निघालं. कॅलिफोर्नियाने कोंडोरच्या (तिथल्या मोठ्या गिधाडाच्या) टापूत २००८ पासून आणि सगळ्या राज्यात जुलै २०१९ पासून शिकारीला बिनशिशाचं सक्तीचं केलं. १९८२ साली जगात २२ कोंडोर उरले होते, तिथे एकेक पक्षी मोलाचा. डेन्मार्कने छर्रे १९९६ मध्येच बंद केले, रायफलच्या गोळ्या एप्रिल २०२४ पासून.

आकड्यांत आपलं प्रकरण लहान आहे हे मान्य. पण काकणाची जोडी वर्षाला एक किंवा दोनच पिल्लं काढते आणि तीच जागा वर्षानुवर्षं धरते. एका जोडीतला एक गेला तर त्या बनापुरता हिशेब संपला. धागाकर्त्याचा प्रश्न तेवढाच आहे.

---

बीट_नंबर_७

(वनखात्यात उमेदवारी गेली, आता घरी)

काडतूस बदलता येत नसेल तर जनावराची विल्हेवाट तुमच्या हातात आहे, आणि नव्वद टक्के काम तिथेच होतं.

कायद्याचं आधी. रानडुक्कर आता अनुसूची २ मध्ये. उभ्या पिकाची नासाडी म्हणून कलम ११ खाली अधिकार्‍याचा लेखी आदेश मिळाल्याशिवाय चाप ओढायचा नाही. "अर्ज टाकलाय" म्हणजे परवानगी नव्हे. मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. मटण वाटायचं नाही, दात काढून ठेवायचा नाही. बार झाल्यावर वनरक्षकाला कळवायचं, पंचनामा व्हायचा, मग विल्हेवाट. या नियमाचा पक्ष्यांना फायदाच आहे, कारण चोरून मारलेल्या डुकराची आतडी व्हाळात फेकली जातात आणि सकाळी घारी तिथेच उतरतात.

बार रात्रीचा आणि पंचनामा सकाळी नऊ-दहाला, मधले तास धोक्याचे. झुंजूमुंजू होताच कावळे येतात, ऊन चढून हवा तापली की घारी, मग त्यांच्या घिरट्या बघून काकण. आपली घार, गरुड, गिधाड हे सगळे डोळ्याने शोधतात, वासाने नाही. म्हणून जनावर झाकलं की पक्ष्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. ताडपत्री टाका, कडांवर चिरे ठेवा. ताडपत्री नसली तर ऐनाच्या पाल्याच्या फांद्या हातभर जाड. निळी ताडपत्री टाकली म्हणून कुणी येत नाही असं समजू नका, कुत्री वासाने येतात, ओढून बाहेर काढतात, आणि मग पक्ष्यांना दिसतं. एक माणूस राखणीला हवाच.

दुसरं, जखमी होऊन गेलेलं जनावर. शिसं पोटात घेऊन करवंदीच्या जाळीत मेलेलं डुक्कर कुणीच झाकत नाही. एलजी फार लांबून मारला की हेच होतं, छर्रे पांगतात, एक-दोन मांडीत बसतात. पंचवीस मीटरच्या आत आणि आडव्या उभ्या जनावरावर बार घेता आला तरच घ्यावा. बार झाल्यावर रक्त बघा: फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, जनावर लांब जात नाही. काळपट असेल तर यकृत. हिरवट, अर्धवट पचलेलं भात दिसलं तर पोट, ते तासन् तास चालतं. पोटाच्या जखमेवर लगेच मागे लागलात तर ते उठून पुढे जातं, आणि रात्री जाळीत शिरलात तर तुम्हीच उताणे पडाल. उजाडताच वनरक्षकासह माग काढा. नाही सापडलं तर आठवडाभर त्या अंगाला कावळ्यांचा गलका आणि घारींच्या घिरट्या कुठे होतात ते बघत राहा.

पुरायचं असेल तर जनावरावर किमान मीटरभर माती यायला हवी. ऐंशी किलोच्या डुकराला हा खड्डा माणसाच्या छातीइतका होतो.

---

खाडीकाठ

जोडून विचारतो. पागाच्या (फेकून मारायच्या जाळ्याच्या) कडेला शिशाच्या गोळ्या असतात, गळालाही शिसं लावतात. तुटून किती पाण्यात जातं त्याला हिशेब नाही. त्याने काकणाला काही होतं का?

---

पंख_आणि_पिसं

होऊ शकतं, पण काकणाआधी बदकांना. पाणकोंबडी, बदकं पेषणीत (अन्न दळणार्‍या जठरात) दळायला खडे गिळतात, त्यात शिशाची लहान गोळी जाते आणि दळून दळून विरघळते. इंग्लंडात हंस असे मरायला लागले म्हणून १९८७ साली लहान शिशाची वजनं बंद केली. गरुडाला ते मिळालं तर त्या बदकाकडून किंवा गळ गिळलेल्या माशाकडून. पागाची गोळी मोठी आणि दोर्‍यात ओवलेली, ती कुणी सहसा गिळत नाही. खाडीच्या उथळ भागात, जिथे हिवाळ्यात बदकं उतरतात, तिथे तुटलेला गळ आणि बारीक शिसं सोडून येऊ नका. बाकी गळाच्या दोरीत अडकून काकण लटकतो, तो धोका शिशापेक्षा रोजचा आहे.

---

माडाची_वाडी

सगळ्यांचे आभार. बीट_नंबर_७ काका, अडचण अशी की वरच्या अंगाला दीड फुटावर कातळ लागतो. मळ्यात माती आहे, पण विहीर तिथेच आणि पावसात पाणी हातभर खाली. जाळायचं म्हटलं तर श्रावणात सुकं लाकूड कुठून आणू? आणि एक शंका: सगळं पुरून टाकलं तर गिधाडांनी खायचं काय? रायगडात चिरगावला तर गिधाडांसाठी मेलेली गुरं मुद्दाम ठेवतात ना?

---

बीट_नंबर_७

गिधाडांना द्यायचं ते गोळी न लागलेलं, आणि डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, असेक्लोफेनॅक ही गिधाडांना मारणारी वेदनाशामकं न टोचलेलं गुरू. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, बाकी दोन २०२३ पासून. वेदनेला मेलॉक्सिकॅम द्या म्हणून डॉक्टरांना सांगा. छर्रे लागलेलं डुक्कर गिधाडाच्या ताटात वाढायचं नाही, एवढं पाळा.

कातळाचं: विहिरीजवळ पुरू नका, जांभा पाणी झिरपू देतो. गावात जुनी बंद चिरेखाण असेल तर तिथल्या कोरड्या कोपर्‍यात, मालकाला आणि वनरक्षकाला विचारून. चिरेखाणीचा तळ कातळच, खणता येणार नाही, पण दोन बाजूंना उभी भिंत आयती मिळते. जनावर कोपर्‍यात ठेवायचं, उरलेल्या दोन बाजूंना चिर्‍यांचा गडगा गुडघ्याच्या वर, आत खाणीतली सुटी माती आणि भुसा भरत न्यायचा, वास दाबायला चुन्याची एक गोणी, आणि वरून चिरे जवळजवळ लावून घ्यायचे, मधे बोट जाणार नाही असे. कोल्हा आणि घोरपड मऊ जागा शोधतात, दोन चिर्‍यांच्या फटीतून उकरायला लागतात. पंधरा दिवसांनी एकदा जाऊन बघा. पावसाने माती खाली बसलेली असते, तेवढी पुन्हा भरून चिरे बसवून घ्या.

---

जुनी_दुनाळी

आणि चोक मोजलात की आकडा इथे टाका. १७.५ च्या खाली आला तर एकसंध गोळीचं काडतूसही त्या नळीतून मारण्याआधी परवानाधारक गनस्मिथला दाखवा.